टिल्टरोटरचा पायलॉन टेबलावर : प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

भाचीच्या कॉलेजातल्या एरोमॉडेलिंग गटाला डिसेंबरात एक प्रात्यक्षिक दाखवायचं कबूल केलं आहे. विषय टिल्टरोटर. पंखांच्या दोन टोकांवर दोन मोठे रोटर. ते उभे असले की यंत्र हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी वर चढतं. पुढे झुकवले की पंखांच्या आधाराने विमानासारखं धावतं.

मुलांना उडणारं मॉडेल हवं होतं. ते आता फार अवघड राहिलेलं नाही. मोटर, सर्व्हो, फ्लाइट कंट्रोलर सगळं तयार मिळतं. पण छोट्या मॉडेलला वेगच नसतो, आणि टिल्टरोटरचा खरा प्रश्न वेगातच पुढे येतो. १९५०च्या दशकात वर उठणं जमलं, तरंगणं जमलं, रोटर झुकवणंही जमलं. त्यानंतर जवळपास वीस वर्षं गेली, आणि त्यांतला मोठा भाग एकाच अडचणीत गेला. वेग वाढला की पंखाच्या टोकावरचा रोटर आपल्याच आधाराला, म्हणजे पायलॉनला, गोल हेलकावे द्यायला लागतो. हाच व्हर्ल फ्लटर. तो डोळ्यांना दिसेल असा टेबलावर उभा करायचा, आणि मग तो थांबवायचा कसा तेही दाखवायचं, एवढंच काम हाती घेतलं आहे.

१६ जून

आज फक्त वाचन आणि टिपणं.

हेलिकॉप्टरचा वेग का अडतो, इथून मुलांना सुरुवात करून द्यावी लागेल. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं येतं, दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे जातं. वेग वाढला की मागे जाणाऱ्या पात्याला पुरेसा वाराच मिळत नाही आणि ते स्टॉल होतं, म्हणजे त्याची उचल एकदम घटते. त्याच वेळी पुढे येणाऱ्या पात्याचं टोक ध्वनीच्या वेगाच्या जवळ पोचतं. साधारण ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे हे दोन्ही त्रास एकदम अंगावर येतात. रोटर पुढे झुकवून त्याचा प्रोपेलर केला तर सगळ्या पात्यांना सारखाच वारा लागतो आणि ही अडचणच उरत नाही.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ती पहिल्यांदा गांभीर्याने पुढे नेली मारिओ ग्वेरिएरी आणि रॉबर्ट लिक्टन या दोघांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच त्यांनी ट्रान्सेंडेंटल नावाची छोटी कंपनी काढली. लिक्टन १९४८मध्ये बेल या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीत गेले, पण ट्रान्सेंडेंटलचं १-जी हे एकआसनी यंत्र १९५४मध्ये उडालं. त्याने १००हून जास्त उड्डाणं केली. रोटर पूर्ण आडवे व्हायला दहाएक अंशच उरले होते, इथवर मजल गेली. २० जुलै १९५५ रोजी ते चेसापीक उपसागरात कोसळलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ११ ऑगस्टला, टेक्सासमधल्या हर्स्ट इथे बेलचं एक्सव्ही-३ हे टिल्टरोटर पहिल्यांदा जमिनीवरून उठलं. ते लिक्टन यांच्या देखरेखीखाली तयार झालं होतं.

हा क्रम मुलांना तारखांसकट सांगायचा. एका छोट्या कंपनीचं काम पाण्यात गेलं, आणि तोच माणूस दुसऱ्या ठिकाणी तीच गोष्ट पुन्हा उभी करत होता.

२३ जून

रिगचा, म्हणजे प्रयोगाच्या मांडणीचा, आराखडा पक्का केला. दोन्ही दिशांना डोलू देणाऱ्या गिंबलच्या दोन कड्या, चार स्प्रिंगा असला थाट नको. सायकलचा एक स्पोक घ्यायचा. त्याचं एक टोक जड लाकडी ठोकळ्यात घट्ट पकडायचं. दुसरं टोक वाऱ्याच्या दिशेने, आणि त्यावर बेअरिंगमध्ये मोकळा फिरणारा मॉडेल विमानाचा प्रोपेलर. मोटर नाही. प्रोपेलर वाऱ्यानेच फिरेल.

स्पोक गोल असल्यामुळे वर-खाली आणि डावी-उजवीकडे सारखाच लवचीक असतो. व्हर्ल फ्लटरला हीच अवस्था सगळ्यांत सोयीची. ठोकळ्यातून स्पोक किती बाहेर काढला त्यावर ताठपणा ठरतो, आणि लांबी थोडी कमी केली तरी ताठपणा कितीतरी वाढतो. म्हणजे एकच स्क्रू सैल करून आख्खा प्रयोग बदलता येतो.

प्रोपेलर जास्त पिचचा, म्हणजे जास्त तिरप्या पात्यांचा, घ्यायचा. विमानासारखं धावताना टिल्टरोटरची पाती जवळजवळ वाऱ्याच्या दिशेने कडेवर उभी झालेली असतात. कमी पिचच्या प्रोपेलरमध्ये ते चित्र येणार नाही.

७ जुलै

एक्सव्ही-३वर आज जास्त वेळ दिला. मला हे यंत्र मनापासून आवडतं. बहुतेक ठिकाणी त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकतात आणि पुढच्या चकचकीत विमानांकडे वळतात.

पोटात, चालकाच्या मागे, ४५० अश्वशक्तीचं एकच प्रॅट अँड व्हिटनी रेडियल इंजिन. तिथून शाफ्ट पंखांतून टोकांपर्यंत. टोकांवर उंच मास्ट, म्हणजे रोटर धरणारे दांडे, आणि त्यांवर रोटर. पहिल्या विमानाचे रोटर तीन पात्यांचे आणि बिजागरीवर जोडलेले होते. २५ ऑक्टोबर १९५६ रोजी रोटर झुकवलेले असताना कॉकपिटमध्ये इतकी जबर थरथर सुरू झाली की चालक डिक स्टॅन्सबरी यांची शुद्ध हरपली. विमान कोसळलं. ते वाचले, पण गंभीर जखमी झाले. ते विमान पुन्हा उभं राहिलं नाही.

दुसऱ्या विमानाला दोन पात्यांचा, अर्धवट ताठ हबचा (हब म्हणजे पाती जिथे जोडतात तो मधला भाग) रोटर बसवला. उडवण्याआधी ते कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रातल्या मोठ्या विंड टनेलमध्ये नेलं. हा बोगदा ४० फूट उंच आणि ८० फूट रुंद, म्हणजे आख्खं विमान आत बसतं. (तेव्हा नासा जन्माला यायची होती, एम्स तिच्या आधीच्या नाका या संस्थेकडे होतं.) पंखाला आधाराचे दांडे लावले, ताठपणा वाढवला, पुन्हा बोगदा, पुन्हा बदल. शेवटी १८ डिसेंबर १९५८ रोजी बिल क्विनलन यांनी रोटर पूर्ण आडवे करून ते विमानासारखं उडवलं. टिल्टरोटरचं हे पहिलं पूर्ण रूपांतर.

त्यानंतर लष्कराच्या, हवाई दलाच्या आणि नासाच्या चालकांनी ते उडवलं. एकूण २५०हून जास्त उड्डाणं, सुमारे १२५ तास, शंभराच्या वर पूर्ण रूपांतरं. ताकद अपुरी होती, वेग बेताचा होता. पण एक फार मोठी गोष्ट हाती लागली. रोटर झुकवण्याची क्रिया अवघड नव्हती. मध्येच थांबता येत होतं, परत फिरता येत होतं, कुठल्याही कोनात स्थिर उडता येत होतं. ज्या टप्प्याची सगळ्यांना धास्ती होती तो सोपा निघाला. वेग वाढवल्यावर मात्र विमान बावरल्यासारखं वागायचं. नाक वर-खाली झालं तर ते हेलकावे लवकर विरत नव्हते. शेपूट डावी-उजवीकडे गेली तरी तसंच. हा धागा पुढे फार कामाला येणार आहे, म्हणून जाड अक्षरात लिहून ठेवला.

१४ जुलै

वाऱ्याची सोय. अठरा इंची एक्झॉस्ट फॅन, पुढे प्लायवूडची निमुळती पेटी, पेटीच्या तोंडाशी सरबताच्या नळ्या एकमेकींना चिकटवून केलेली जाळी. पंख्यातून येणारा वारा पीळ घेऊन येतो. नळ्यांतून गेला की बराचसा सरळ होतो. वाऱ्याचा वेग मोजणारं, हातात धरायचं अॅनिमोमीटर मित्राकडून आणलं. रेग्युलेटर आणि वायर पुण्याच्या तपकीर गल्लीतून. पावसामुळे फेविकॉल वाळायला भलताच वेळ लागतो आहे.

२७ जुलै

प्रोपेलर मोकळा फिरायला हवा तितका फिरत नाही. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस हे कारण. भोसरीत लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बेअरिंग पेट्रोलमध्ये धुतलं, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि अॅल्युमिनियमचं छोटं हब इतकं नेमकं कातून दिलं की बोटाने टिचकी मारली तर प्रोपेलर कितीतरी वेळ फिरत राहतो. त्यांनी विचारलं, "साहेब, याला मोटर कुठं लागणार?" मोटर नाही, वाऱ्याने फिरणार म्हटल्यावर म्हणाले, "मग डिसेंबरात मला बोलवा. हलतंय कसं ते बघायचंय."

४ ऑगस्ट

फॅन आणि पेटी जोडून झाली. आता व्हर्ल फ्लटरची आधीची हकीकत लिहून काढली, कारण ही गोष्ट टिल्टरोटरपासून सुरू होत नाही.

फिरणारा प्रोपेलर लवचीक आधारावर असेल तर तो गोल हेलकावे घेऊ शकतो, हे टेलर आणि ब्राउन यांनी १९३८मध्येच मांडलं होतं. त्या काळच्या विमानांत आधार पुरेसे ताठ असायचे, म्हणून ती गोष्ट कागदावरच राहिली. मग लॉकहीडचं इलेक्ट्रा हे चार टर्बोप्रॉप इंजिनांचं प्रवासी विमान आलं. २९ सप्टेंबर १९५९ रोजी टेक्सासमध्ये बफेलो गावाजवळ एक इलेक्ट्रा हवेतच फुटलं, ३४ माणसं गेली. १७ मार्च १९६० रोजी इंडियानात टेल सिटीजवळ दुसरं गेलं, ६३ माणसं. दोन्हीत पंख तुटला होता. शोध घेतल्यावर कळलं की बाहेरच्या इंजिनाचा आधार आधीच कमजोर झाला असेल तर प्रोपेलर गोल हेलकावे घेऊ लागतो, आणि त्याची गती पंखाच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की पंख काही क्षणांत मोडतो. इंजिनांचे आधार आणि पंख बळकट केल्यावर इलेक्ट्रा पुढे कित्येक वर्षं नीट उडालं.

नासाच्या लँग्ली केंद्रात या प्रश्नाचं गणित मांडणाऱ्यांत जॉन हूबोल्ट होते. विल्मर रीड यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध १९६२चा आहे. चंद्रावर उतरायला वेगळं छोटं यान पाठवावं आणि मूळ यान चंद्राभोवती फिरत ठेवावं, ही पद्धत हट्टाने पटवून देणारे हूबोल्ट हेच. एकाच माणसाच्या टेबलावर त्या काळात हे दोन्ही प्रश्न होते, हे वाचून मी बराच वेळ कागद खाली ठेवला नाही.

११ ऑगस्ट

आज दिसला.

स्पोक लांब ठेवला होता. रेग्युलेटर हळूहळू वाढवला. प्रोपेलर फिरू लागला, हब शांत. अजून थोडा वारा, हब किंचित थरथरला आणि पुन्हा शांत झाला. आणखी एक घर पुढे नेलं तेव्हा हबने आधी वाटाण्याएवढं वर्तुळ घेतलं, मग ते मोठं होत होत इतकं वाढलं की मी पंखा बंद केला. पुढे अॅक्रिलिकचा जाड पत्रा उभा केला आहेच, पण प्रात्यक्षिकात मुलांना बाजूने बघू द्यायचं नाही, समोरूनच.

हबवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघितलं. प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आहे आणि हब मात्र उलट्या दिशेने वर्तुळं काढतो आहे. पुस्तकात हे वाचलेलं होतं. साध्या ताठ प्रोपेलरमध्ये व्हर्ल उलटाच असतो. तरी डोळ्यांनी बघताना छातीत धस्स झालं. इलेक्ट्राच्या पंखाच्या टोकाशी हेच चाललं होतं, फक्त तिथे इंजिनासकट.

भाची धावत आली. "मामा, हे आपोआप वाढतंय? तू काही हलवलं नाहीस?"

"नाही. शक्ती वाऱ्यातून येतेय. वारा जितका जोरात, तितकी जास्त."

१८ ऑगस्ट

तिला नेमकं कारण हवं होतं, आणि ते सांगता आलं नाही तर प्रात्यक्षिकाला अर्थ नाही. आज फळ्यावर दोघांनी बसून सोडवलं.

फिरता रोटर म्हणजे जायरोस्कोप. भोवऱ्याला बोट लावलं की तो बोटाच्या दिशेने न जाता काटकोनात सरकतो, तसंच इथे. पायलॉनचं नाक वर गेलं की रोटर बाजूला जायला बघतो, बाजूला गेला की खाली, आणि अशा रीतीने वर्तुळ पुरं होतं. पण एवढ्याने ते वाढायला नको. वाढतं ते हवेमुळे.

टिल्टरोटरचा रोटर हबवर मोकळा डोलणारा असतो. पायलॉन कलला तर रोटरच्या चकतीला त्याच्या मागोमाग वळवायला पात्यांवर हवेचा जोर लागतो. हेलिकॉप्टरसारखं उडताना पात्यांचा पिच थोडा असतो, त्यामुळे हा जोर बहुतेक मास्टच्या दिशेने पडतो आणि कुणाला त्रास होत नाही. विमानासारखं वेगात धावताना पिच फार वाढलेला असतो. तोच जोर आता चकतीच्या सपाटीत, आडवा पडतो. मास्टच्या टोकाशी तो पायलॉन ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेला ढकलतो. हेलकावा रोखायच्या ऐवजी त्याला हात देतो. वेग वाढला की पिच वाढतो, पिच वाढला की हा आडवा जोर वाढतो. एका ठरावीक वेगाला तो ताठपणा आणि अवमंदन (हेलकावे विरवण्याची क्षमता) या दोघांवर मात करतो.

भाचीने लगेच विचारलं, "मग एक्सव्ही-३चं नाक वेगात डगमगायचं, ते याच्यामुळेच?" हो. पायलॉन हलण्याच्या ऐवजी सगळं विमान हलत असेल तरी आडवा जोर तोच. जाड अक्षरातला धागा तिने स्वतः जोडला.

१ सप्टेंबर

वरचा उलगडा बेलच्या अर्ल हॉल यांचा आहे. एम्सच्या बोगद्यात १९६२मध्ये एक्सव्ही-३च्या पायलॉनचे हेलकावे वाढताना दिसले. ते कशामुळे, याचं गणित हॉल यांनी मांडलं आणि १९६६मध्ये प्रसिद्ध केलं. ते बरोबर आहे का हे पाहायला एक्सव्ही-३ पुन्हा त्याच बोगद्यात नेलं.

मे १९६६. चाचण्या जवळजवळ संपत आल्या होत्या, गणित आणि मोजमाप जुळत होतं. बोगदा जोरात चालू असताना पंखाच्या टोकाशी धातूला थकव्याची चीर गेली आणि दोन्ही पायलॉन एकामागोमाग उपटून निघाले. एक्सव्ही-३चं काम तिथेच थांबलं. पण त्याच्यावर जे तपासायचं होतं ते तोवर तपासून झालं होतं. पुढे कुणीही टिल्टरोटर रेखाटताना हेलकावा कोणत्या वेगाला सुरू होईल हा आकडा काढल्याशिवाय पान उलटवू शकत नव्हतं.

ते विमान आज ओहायोतल्या डेटनला, अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. बेलच्या निवृत्त आणि चालू कर्मचाऱ्यांनी ते वर्षानुवर्षांच्या पडझडीतून पुन्हा उभं केलं. जाऊन बघावं असं फार वाटतं.

१५ सप्टेंबर

गणपतीमुळे खोली भरलेली. रिग माळ्यावर.

२९ सप्टेंबर

आता थांबवायच्या चाचण्या.

पहिली, स्पोक आत ढकलून आखूड केला. पंखा पूर्ण जोरात, हब स्थिर. मुलांना हे लगेच पटेल, पण ते अपुरं आहे. विमानात ताठपणा म्हणजे वजन, आणि वजन फुकट मिळत नाही.

दुसरी, स्पोक पुन्हा लांब, पण त्याला वरून-खालून पोलादी पट्टी लावली, म्हणजे एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला पूर्वीसारखाच लवचीक. हेलकावा सुरू व्हायला खूपच जास्त वारा लागला. वर्तुळ व्हायला दोन्ही दिशांची गती जुळावी लागते. एक बिघडवली की खेळ बिघडतो. हूबोल्ट आणि रीड यांच्या कामात हे आलेलं आहे. माझ्या मते प्रात्यक्षिकातला सगळ्यांत शिकवणारा भाग हाच.

तिसरी, स्पोकच्या बुडाशी जाड रबराची चकती. अवमंदन थोडंसंच वाढतं, पण फरक ठळक दिसतो. वाढत जाणारं वर्तुळ एका मापाला येऊन थबकतं.

१३ ऑक्टोबर

एक्सव्ही-१५, बेलचं पुढचं टिल्टरोटर. आता सगळे धागे एकत्र येतात.

हॉल यांच्यानंतर बेलमध्ये केन वर्निकी आणि ट्रॉय गॅफी यांच्यासारख्या इंजिनिअरांनी उलट्या बाजूने विचार केला. आडवा जोर टाळता येत नाही, तर पंख आणि पायलॉन असे करा की त्या जोराला दाद देणार नाहीत. पंख जाड केला, त्याच्या रुंदीच्या तुलनेत २३ टक्के जाड. वेगवान विमानाला असा पंख कुणी हौसेने देणार नाही, त्याने हवेचा रोध वाढतो. पण जाड पंख पिळाला आणि वाकायला ताठ राहतो. मास्ट आखूड केला. रोटर पूर्ण आडवे झाले की पायलॉन पंखावरच्या आधाराशी दाबून घट्ट बसेल अशी सोय केली. विमानासारखं उडताना रोटरचे फेरे कमी केले, मिनिटाला साधारण ५८९वरून ५१७वर. हबला गिंबल दिलं, पाती मात्र आडव्या दिशेने ताठ.

हे कागदावर ठेवलं नाही. २५ फूट व्यासाचा खरा रोटर १९७०मध्ये एम्सच्या बोगद्यात घालून तपासला. विमान अजून कुणी मागवलेलंही नव्हतं. लिक्टन १९७१मध्ये मोटार अपघातात गेले. पुढचं काही त्यांना बघायला मिळालं नाही, आणि ही गोष्ट लिहिताना मला दर वेळी थांबावं लागतं.

१९७३मध्ये नासा आणि लष्कराने बोइंग व्हर्टोल या स्पर्धक कंपनीला मागे ठेवून बेलची निवड केली. दोन विमानं बनली. ३ मे १९७७ रोजी रॉन एरहार्ट आणि डोर्मन कॅनन यांनी पहिलं जमिनीवरून उचललं. १९७८मध्ये ते विमान पुन्हा एम्सच्या बोगद्यात, तिथून बाहेर आल्यावर पुढची उड्डाणं, आणि २४ जुलै १९७९ रोजी पूर्ण रूपांतर. पुढच्या वर्षी सरळ उड्डाणात ३०० नॉट, म्हणजे ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वर. व्हर्ल फ्लटर नाही. १९८१मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी ते तरंगताना आणि धावताना पाहिलं.

पंखांच्या टोकांतली दोन इंजिनं आडव्या शाफ्टने जोडलेली आहेत, एक बंद पडलं तरी दुसरं दोन्ही रोटर फिरवतं. पंख साडेसहा अंश पुढे झुकवले आहेत, कारण पाती वाकून पंखाला घासायला नकोत. अशा प्रत्येक तपशिलामागे कुणाची तरी वर्षं आहेत.

२० ऑक्टोबर

पात्याच्या पिळाबद्दल मुलं विचारणारच. हेलिकॉप्टरला पिळ थोडा लागतो, प्रोपेलरला भरपूर. एक्सव्ही-१५च्या पात्यात बुडापासून टोकापर्यंत ४० अंशांच्या आसपास पिळ आहे, म्हणजे दोन्हींची अर्धी-अर्धी मागणी पुरी. तरंगताना पंख रोटरच्या झोताखाली येतो आणि साधारण दहावा हिस्सा उचल तिथे वाया जाते. म्हणून फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, खाली सोडून पंख अरुंद करतात.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात. स्पोकचा ठोकळा काढून त्या जागी बाल्साचा अर्धा पंख बसवला. दोन पंख केले, एक पातळ, एक जाड, दोन्हींचं वजन जवळपास सारखं. पातळ पंखावर पायलॉन ठेवला तर नुसता पायलॉन हलत नाही, पंखही पिळतो, आणि हेलकावा कमी वाऱ्यातच सुरू होतो. जाड पंखावर पंखा पूर्ण जोरात असूनही शांत. एक्सव्ही-१५चा तो बेढब जाड पंख का, याचं उत्तर शब्दांवाचून मिळतं. हा भाग प्रात्यक्षिकात शेवटी ठेवायचा.

२४ नोव्हेंबर

मुलांच्या टिपणासाठी पुढचा इतिहास थोडक्यात. एक्सव्ही-१५मुळेच व्ही-२२ ऑस्प्रे हे लष्करी टिल्टरोटर मंजूर झालं. पहिलं उड्डाण १९ मार्च १९८९, त्याच वर्षी सप्टेंबरात पूर्ण रूपांतर. पंखाची जाडी त्याच मापाची ठेवली. ८ एप्रिल २००० रोजी अॅरिझोनातल्या मॅरानाला एक ऑस्प्रे वेगाने खाली उतरताना एका बाजूच्या रोटरची उचल अचानक गेली, विमान उलटलं आणि १९ मरीन सैनिक मेले. तो वेगळा प्रश्न आहे, स्वतःच्याच झोतात अडकण्याचा. माझ्या रिगवर तो येत नाही, पण मुलांपासून लपवायचा नाही. बेलचं व्ही-२८० डिसेंबर २०१७मध्ये उडालं. त्यात इंजिन आडवंच राहतं आणि फक्त रोटर झुकतो, त्यामुळे उतरताना तापलेला धूर जमिनीवर आणि सैनिकांवर येत नाही.

७ डिसेंबर

प्रात्यक्षिक झालं. वर्ग भरलेला, लेथवाले काका पहिल्या रांगेत. पातळ पंखावरचा हेलकावा सुरू झाला तेव्हा मागची मुलं उभी राहिली. पट्टी लावून एकाच दिशेचा ताठपणा वाढवला तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, मग खऱ्या विमानात पंख मुद्दाम एका दिशेला जास्त ताठ करतात का?" पंख वाकतो एका दिशेला, पिळतो दुसरीकडे, म्हणून हा फरक आपोआपच असतो, आणि रचनाकार तो नीट जुळवून घेतात, असं सांगितलं. तिला हे मोजून बघायचं आहे. पातळ पंखाच्या पाठीवर वेगवेगळ्या कोनांत कार्बनच्या पट्ट्या चिकटवून हेलकावा कोणत्या वाऱ्याला सुरू होतो ते नोंदवायचं, असं ठरलं.

रिग कॉलेजातच ठेवली. पंखा, पेटी, दोन्ही पंख, स्पोकचा ठोकळा, वेगवेगळ्या लांबीचे स्पोक, सुटं हब. हब आणि बेअरिंगचं एक जास्तीचं काकांनी स्वतःहून करून आणलं होतं. अॅनिमोमीटर मित्राला परत द्यायचं आहे, म्हणून गटाने स्वतःचं घ्यावं असं भाचीला सांगितलं. जानेवारीत डोलणारं दोन पात्यांचं हब बसवून बघायचं आहे. एक्सव्ही-३चा रोटर ताठ नव्हता, आणि अशा हबवर हेलकाव्याची दिशा उलटी येते की सुलटी, हे आता त्या मुलांना स्वतः बघायचं आहे.